कागदावरील वाट आणि पायाखालची वाट

शाळेच्या भिंतीवर टांगलेला देशाचा नकाशा ज्याने पाहिलेला नाही असा विद्यार्थी विरळाच. त्या नकाशावर छडी टेकवून गुरुजी नद्या दाखवतात, मुले नावे पाठ करतात आणि परीक्षेत कोरा नकाशा भरून गुण मिळवतात. परंतु त्या नकाशाच्या आधाराने कोणी कधी चालत नाही. ज्याच्या आधाराने चालता येईल असा नकाशा वेगळा असतो. त्यात शाळेमागचा ओढा, टेकडीवरचे देऊळ आणि शेजारच्या गावाला जाणारी पायवाट दाखवलेली असते. असा नकाशा बहुतेक मुलांच्या हाती उभ्या शालेय जीवनात एकदाही पडत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा नकाशा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती तो देऊन ‘एका दिवसाच्या पायी सहलीची वाट यावरून तुम्हीच आखा’ असे सांगता येईल काय, आणि सांगावे काय, हा विचारायचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आपल्या देशात एक विशेष पार्श्वभूमी आहे. भारतीय सर्वेक्षण संस्थेची स्थापना १७६७ साली झाली. जगातील जुन्या सर्वेक्षण संस्थांमध्ये तिची गणना होते. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून जे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, ते पुढे कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत पोहोचले. लॅम्ब्टन हे काम करीत असतानाच १८२३ साली हिंगणघाट येथे मरण पावला; त्याची कबर आजही त्या गावी आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने रेखांशाचा तो महाचाप मसुरीच्या डोंगरापर्यंत नेला. या इतिहासात साहेबांची नावे ठळक अक्षरांत येतात. साखळ्या ओढणारे, दुर्बिणी वाहणारे, तापाने रानात मरण पावलेले हजारो देशी मजूर व खलाशी मात्र निनावीच राहिले आहेत.

त्या देशी माणसांपैकी एकाचे नाव मात्र शिक्षकांनी विसरता कामा नये, कारण तो स्वतः शिक्षक होता. कुमाऊँमधील जोहार खोऱ्यात मिलम नावाचे गाव आहे. तेथील शाळेत नैनसिंह रावत हे मास्तर होते; म्हणूनच सर्वेक्षणाच्या दप्तरात त्यांचा उल्लेख ‘पंडित’ असा होई. १८६३ साली त्यांना डेहराडूनला आणून एक विलक्षण शिक्षण देण्यात आले. चढ असो वा उतार, पाऊल ठरावीक लांबीचेच पडले पाहिजे, दोन हजार पावलांचा एक मैल झाला पाहिजे, असा तो सराव होता. त्यांच्या हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी असत. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. या माळेच्या आणि पाणी उकळण्याचे तापमान मोजणाऱ्या एका उष्णतामापकाच्या बळावर त्यांनी १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंतचा मार्ग मोजला. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. या मोजणीमागे साम्राज्याचे हेतू होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोजणी खरी होती, आणि ती एका शाळामास्तराने पायांनी केली होती.

तात्पर्य, नकाशा ही मुळात चालण्यातून निर्माण झालेली वस्तू आहे. असे असूनही चालणाऱ्यांच्या हाती ती फार उशिरा आली. सीमा व किनारपट्टीच्या प्रदेशांतील तपशीलवार पत्रके दीर्घकाळ सामान्य माणसासाठी बंद होती; इतर पत्रके मिळवतानाही अर्ज आणि खुलासे करावे लागत. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या: एक संरक्षणासाठी, दुसरी सर्वांसाठी खुली. २०१७ साली, संस्थेच्या स्थापनेला अडीचशे वर्षे झाली तेव्हा, खुल्या मालिकेची पत्रके संगणकावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. २०२१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील बरीचशी उरलेली बंधनेही सैल केली. आता अडचण कायद्याची राहिलेली नाही. सवयीची राहिली आहे. २००६ साली प्रकाशित झालेल्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत स्थलदर्शक पत्रकांचा सविस्तर पाठ अकरावीच्या प्रात्यक्षिक भूगोलात येतो. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांनी भूगोल निवडला असेल त्यांनाच, आणि तेही सोळाव्या वर्षी, हे पत्रक प्रथम दिसणार. तोवर अनोळखी वाटेचे कुतूहल बहुधा मावळलेले असते.

मग हे शिक्षण कोणत्या वयात सुरू करावे? जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीन डोंगरांच्या प्रयोगाचे वर्णन आहे. मेजावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवून, समोर बसलेल्या बाहुलीला ते डोंगर कसे दिसत असतील असे मुलांना विचारले, तेव्हा लहान मुले स्वतःला दिसणारे दृश्यच बाहुलीच्या माथी मारत. दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची शक्ती नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास स्थिर होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९७५ साली झालेल्या प्रयोगांत, परिचयाच्या वस्तू वापरल्यास याहून पुष्कळ लहान मुलांनाही हे साधते असे आढळले. शिक्षकांच्या दृष्टीने या दोन्ही निष्कर्षांचा अर्थ एकच: आरंभ परिचयाच्या जागेपासून करावा. नकाशा म्हणजे आकाशातील पक्ष्याच्या जागेवरून पाहणे. ज्या अंगणात मूल रोज खेळते, ते अंगण पक्ष्याला कसे दिसेल हे त्याला सांगता येते; न पाहिलेला डोंगर सांगता येत नाही.

म्हणून पहिला पाठ कागदाशिवाय द्यावा, आणि तो पंडितांच्या पद्धतीने द्यावा. पटांगणात शंभर मीटरची दोरी आखावी आणि प्रत्येक मुलाला नेहमीच्या चालीने ती दोनदा चालायला लावून पावले मोजावी. कोणाची दीडशे भरतील, कोणाची एकशे ऐंशी. ज्याचा आकडा त्याने वहीत लिहून ठेवावा. वर्गाची सरासरी काढण्याचे कारण नाही. मग शाळेपासून एखाद्या माहितीच्या वडापर्यंत जावे. शंभर पावले झाली की एका खिशातील एक खडा दुसऱ्या खिशात टाकावा. जपमाळेचे हे गरीब भावंड मुलांना फार आवडते. परत आल्यावर प्रत्येकाने खड्यांवरून अंतर काढावे. उत्तरे सारखी येणार नाहीत, आणि त्या फरकाची चर्चा हाच खरा पाठ होय. कोणी गप्पांत मोजणे विसरला, कोणाचे पाऊल चढावर आखूड पडले. चढावर पाऊल आखूड पडते हा शोध मुलाने स्वतः लावला, तर तो पुढे जन्मभर उपयोगी पडतो.

दुसऱ्या पाठात कागद यावा. सर्वेक्षण संस्थेच्या नेहमीच्या पत्रकाचे प्रमाण १ : ५०,००० असते, म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. पटांगणातील शंभर मीटरची दोरी येथे दोन मिलिमीटर, साधारण तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. हे ऐकल्यावर मुले काही क्षण गप्प होतात, कारण सबंध पटांगण दाण्याखाली झाकले जाते. त्यानंतर समासातील मजकूर वाचून घ्यावा: सर्वेक्षणाचे वर्ष, उंचीच्या रेषांमधील अंतर, सांकेतिक खुणा. तांबड्या रेषा रस्त्यांच्या व वाटांच्या, तपकिरी उंचीच्या, निळ्या पाण्याच्या, हिरवा रंग झाडीचा, पिवळा शेतीचा. ओढ्याचे कोरडे पात्र मात्र काळ्या रेषेने दाखवलेले असते. ‘या ओढ्याकाठी जेवायला बसू’ असे ठरवणाऱ्या मुलांना ही काळी रेषा वेळीच दिसली पाहिजे. पाणी नाही हे ओढ्याकाठी पोहोचल्यावर कळून उपयोग नसतो.

याच वेळी नकाशा फिरवण्याची सवय लावावी. अक्षरे सुलट दिसावीत म्हणून पुस्तकाप्रमाणे नकाशा धरण्याकडे प्रत्येकाचा कल असतो. वस्तुतः नकाशा जमिनीप्रमाणे धरायचा असतो. समोर देऊळ असेल तर नकाशातील देऊळही समोरच्या दिशेला आले पाहिजे, मग नावे उलटी वाचावी लागली तरी हरकत नाही. होकायंत्र असल्यास उत्तम. नसल्यास सकाळचा सूर्य आणि दोन ओळखीच्या खुणा पुरेशा आहेत. चालताना अंगठा नकाशावर आपल्या जागेवर ठेवावा आणि पायांबरोबर तो सरकवीत न्यावा. ज्याचा अंगठा वाटेवर आहे तो सहसा चुकत नाही.

सर्वांत अवघड पाठ उंचीचा. सपाट कागदावर डोंगर उभा दिसण्यासाठी मुलांना बटाट्याची मदत द्यावी. बटाटा लांबीत अर्धा चिरून पालथा ठेवावा, त्याच्या आडव्या सारख्या जाडीच्या चकत्या कराव्या आणि सर्वांत मोठ्या चकतीपासून एकात एक अशा कडा कागदावर गिरवाव्या. जी बाजू उभी होती तिकडे रेषा दाटीने येतात. जी सौम्य होती तिकडे ऐसपैस पसरतात. समोच्चरेषा म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मग व्याख्येची गरज उरत नाही. दुसरा खेळ मुठीचा. बंद मुठीवर शाईने अशा रेषा काढाव्या. बोटांची हाडे वर आलेली असतात त्या डोंगराच्या सोंडा, आणि दोन बोटांमधील खाचा त्या घळी. सोंडेवर रेषेचे टोक उताराकडे झुकते, घळीत ते चढाकडे वळते. सोंड आणि घळ यांचा हा फरक मुलांच्या बोटांवर लिहिलेला असला, म्हणजे रानात तो लवकर आठवतो.

आता प्रत्यक्ष वाट आखण्याचे उदाहरण घ्यावयाचे. सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय डेहराडूनला आहे, तेव्हा दून खोऱ्याचेच पत्रक घेणे उचित होईल. जुन्या क्रमांकपद्धतीप्रमाणे ते पत्रक ५३ जे/३. त्याच्या खालच्या भागात डेहराडून शहर आहे आणि वरच्या भागात मसुरीची डोंगरधार. या धारेवरील एक लहानसा नमुना बसल्या जागी सोडवण्याजोगा आहे. मसुरीत लायब्ररी चौकातून कुलडी बाजारात जायचे आहे. मध्ये गन हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावरून एके काळी दुपारच्या वेळेची तोफ उडत असे. टेकडीच्या दक्षिण अंगाने माल रोड जातो, उत्तर अंगाने कॅमल्स बॅक रोड. ‘सर्वांत जवळची वाट कोणती?’ असे विचारले की निम्मा वर्ग पट्टी ठेवून सरळ रेष मारतो आणि ती टेकडीच्या अंगावरून जाते. उरलेली मुले तपकिरी रेषा मोजतात. सुमारे तीन किलोमीटरचा कॅमल्स बॅक रोड वळसा घेतो खरा, परंतु तो समोच्चरेषांच्या बरोबरीने चालतो. म्हणून तेथे म्हातारी माणसेही सकाळी फिरायला जातात. जवळची वाट आणि सोपी वाट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना अशा रीतीने कोणी न सांगता उमगते.

यानंतर खरी कामगिरी. समजा, खोऱ्यातील एका शाळेच्या सहावी-सातवीच्या चोवीस मुलांनी डिसेंबरात राजपूरहून मसुरीला पायी जाण्याचे ठरवले. मोटार रस्ता होण्यापूर्वी मसुरीला जाणारे लोक राजपूरहून झडीपानी व बार्लोगंज या मार्गाने घोड्यावरून, डांडीतून किंवा पायी चढत. ती जुनी घोडवाट अजूनही चालता येते. आकाशातून जाणाऱ्या पक्ष्याला हे अंतर सात किलोमीटरांच्या आसपास आहे. दोरा वाटेच्या वळणांवर बसवून मग मोजपट्टीवर धरला, तर ते दहा-अकरा किलोमीटर भरते. चढ सुमारे एक हजार मीटरचा. मोटार रस्ता मात्र याच चढासाठी कितीतरी लांबचे फेरे घेतो. ते फेरे मुलांनी दोऱ्याने अवश्य मोजावेत.

वेळ किती लागेल? १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने यासाठी एक सोपा नियम दिला. दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आजच्या मापात पाच किलोमीटरला एक तास, सहाशे मीटर चढाला एक तास. या हिशेबाने राजपूर ते मसुरी पावणेचार तास होतात. परंतु नेस्मिथ हा कसलेला गिर्यारोहक होता, आणि येथे पाठीवर डबा व पाण्याची बाटली घेतलेली अकरा वर्षांची मुले आहेत. त्यांनी नेस्मिथचा नियम घ्यावा, आकडे स्वतःचे घालावेत. शाळेजवळच्या रस्त्यावर गप्पा मारीत चालताना एक किलोमीटरला वीस मिनिटे लागली. टेकडीच्या देवळाशी शंभर मीटर चढताना पंधरा मिनिटे जास्त लागली. तेव्हा साडेदहा किलोमीटरचे साडेतीन तास, हजार मीटरचे अडीच तास, जेवण व विश्रांतीचा एक तास, एकूण सात. सकाळी आठला निघाल्यास दुपारी तीन. डिसेंबरात दून खोऱ्यात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. हाताशी अडीच तास उरतात, त्यांतला शेवटचा अर्धा तास मावळतीचा. म्हणजे भरवशाचे दोनच तास.

हे सर्व एका कोष्टकात मांडावे. प्रत्येक टप्प्यासाठी एक ओळ: कोठून, कोठवर, दिशा, अंतर, चढ, वेळ, वाटेत काय दिसेल, आणि अडचण आल्यास बाहेर पडण्याचा मार्ग. ‘काय दिसेल’ या रकान्याला सर्वांत अधिक जागा द्यावी. झडीपानीच्या माथ्यावर १८८८ साली रेल्वेने स्थापन केलेल्या ओक ग्रोव्ह शाळेच्या इमारती दिसतील. त्या दिसल्या म्हणजे अर्धी वाट झाली. ‘हे दिसले तर आपण पुढे निघून आलो’ अशीही एक खूण प्रत्येक टप्प्यासाठी शोधून ठेवावी. वाट चुकल्याचे कळण्यासाठी ही खूण लागते. ती नसली की चुकलेला माणूस अधिक वेगाने चुकीकडेच जात राहतो.

हे कोष्टक होईपर्यंत सगळा विषय गणिताचा वाटतो. तो माणसांचा आहे हे त्यानंतर लक्षात येते. चोवीस मुलांत एक मुलगा दम्याचा असतो. एका मुलीच्या पायात थोडा दोष असतो. ती हळू चालते, पण चालते. कोणीतरी म्हणतो की त्या दोघांनी मोटारीने वर यावे आणि वरच भेटावे. येथे शिक्षकाने निर्णय देण्याची घाई करू नये. कोष्टक पुन्हा मुलांपुढे ठेवावे आणि एवढेच विचारावे की हे वेळेचे आकडे कोणाच्या पावलांचे आहेत? आकडे सरासरीचे असतील तर साधारण निम्मी मुले त्याहून हळू चालणारी आहेत. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने हिशेब पुन्हा मांडला, तर सातांचे नऊ तास होतात आणि भरवशाचे दोन्ही तास संपतात. मग वर्गात जी चर्चा होते ती कोणत्याही नागरिकशास्त्राच्या धड्याहून मोलाची असते. कोणी म्हणेल, सातला निघू. कोणी म्हणेल, झडीपानीपर्यंतच जाऊ. आणि एखादे गप्प बसणारे मूल हळूच म्हणेल, ‘बाई, आपण वाहनाने वर गेलो आणि चालत खाली आलो तर?’ नकाशात वाट दोन्ही दिशांना सारखीच असते. चढाचा हजार मीटरचा आकडा मात्र एका दिशेनेच द्यावा लागतो. हा विचार ज्या मुलाला सुचला त्याला नकाशा वाचता आला, असे खुशाल म्हणावे. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, ओल्या दगडांवरून पाय घसरतो, हे दुसरे कोणी सांगेल. ते खरे आहे, आणि तेही कोष्टकात लिहावे.

या चर्चेतून मुलांनी कोणती वाट निवडली याला फारसे महत्त्व नाही. निवडलेल्या वाटेवर एक गोष्ट मात्र आधीच ठरलेली असावी, ती म्हणजे परत फिरण्याची वेळ. चढायचे ठरले असेल तर कोष्टकाखाली लिहून ठेवावे की बारा वाजेपर्यंत झडीपानी गाठले नाही, तर तेथूनच मोटार रस्त्याने परतायचे. हे वाक्य घरी, पोटभर जेवून, शांतपणे लिहिले पाहिजे. डोंगरावर, समोर माथा दिसत असताना, थकलेल्या मनाला ते सुचत नाही. सुचले तरी बोलून दाखवण्याचे धैर्य होत नाही. आधी लिहिलेले असले म्हणजे कोणाला कमीपणा येत नाही. ज्या आराखड्यात परतीची वेळ नाही त्याला इच्छा म्हणता येईल, आराखडा म्हणता येणार नाही.

नकाशाचे वयही मुलांना समजले पाहिजे. समासात छापलेल्या वर्षानंतर दरडी कोसळल्या असतील, नवी घरे उठली असतील, वाटेवर फरशी बसली असेल. म्हणून त्या वाटेने नेहमी ये-जा करणाऱ्यांना, दूधवाल्यांना, लाकूडफाटा आणणाऱ्या बायांना विचारावे. डोंगरातील माणसे अंतर विचारल्यावर ‘हे काय, पलीकडेच तर आहे’ असे सांगतात, आणि ते पलीकडे तासाभराने येते. खोटे सांगावे असा त्यांचा हेतू नसतो. त्यांच्या पावलांना ते पलीकडेच असते. तेव्हा ‘किती दूर?’ असे न विचारता ‘वाटेत काय काय लागते?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर नेहमी बिनचूक मिळते.

आता शिक्षकाच्या कर्तव्याविषयी. त्याने ती वाट आठवडाभर आधी स्वतः चालून पाहिलेली असावी, पालकांची संमती घेतलेली असावी, बरोबर दुसरे मोठे माणूस, औषधांची पेटी आणि संपर्काचे साधन असावे. यांपैकी एकही गोष्ट मुलांवर सोपवू नये. एवढे केल्यावर मात्र त्याने सर्वांच्या मागे चालावे. अशा सहलीत हमखास होणारी चूक म्हणजे सोंड आणि घळ यांची अदलाबदल. वाटेला फाटा फुटतो. पुढची मुले रेषांचे टोक उलट वाचतात आणि घळीत उतरणाऱ्या वाटेला लागतात. शिक्षकाला ते दिसत असते. हाक मारण्याचा मोह अनावर होतो. जागा निर्धोक असेल, तर त्याने दोनतीनशे पावले तो मोह आवरावा. थोड्याच वेळात एखादे मूल थबकते आणि म्हणते की ओढा उजवीकडे असायला हवा होता, तो डावीकडे ऐकू येतो आहे. सगळे थांबतात. नकाशा जमिनीवर पसरला जातो, अंगठा मागे नेला जातो, मुठी वळल्या जातात. ‘आपण येथे चुकलो’ असे बोट ठेवून सांगणारे मूल त्या दिवशी जे शिकते ते बरोबर वाटेने दहा वेळा नेऊनही शिकवता येत नाही. जागा निर्धोक नसेल तर शिक्षकाने ताबडतोब हाक मारावी. तेथे पाठापेक्षा मूल मोठे.

आज प्रत्येक पालकाच्या खिशात मोबाइल फोन आहे आणि त्याच्या पडद्यावरील निळा ठिपका माणूस कोठे उभा आहे हे तत्क्षणी सांगतो. मग हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ठिपका उपयुक्त आहे. अडचणीच्या वेळी त्याचा आधार जरूर घ्यावा. परंतु तो उत्तर आधी देतो, आणि प्रश्न विचारण्याची संधीच ठेवत नाही. हातभर पडद्यावर सबंध डोंगर एकदम दिसत नाही. जेवढी वाट पुढे आहे तेवढीच दिसते. चोवीस मुलांना एका पडद्याभोवती बसून वाद घालता येत नाही. जमिनीवर पसरलेल्या कागदाभोवती घालता येतो. आणि हा वाद हेच या शिक्षणाचे सार आहे.

कारण वाट आखणे म्हणजे न पाहिलेल्या जमिनीविषयी आपल्या सोबत्यांना दिलेला शब्द होय. येथे पाणी मिळेल, येथे सावली आहे, अमुक वाजता आपण घरी असू, असे ते मूल इतरांना सांगत असते, आणि इतर त्याच्या भरवशावर पावले टाकत असतात. शब्द खरा ठरला तर त्याला आपल्या बुद्धीवर विश्वास बसतो. खोटा ठरला तर ‘माझे चुकले, मागे फिरू’ असे म्हणण्याची सवय लागते. मोठेपणी ज्यांना हे म्हणता येत नाही अशा माणसांमुळे घरांचे आणि देशांचे किती नुकसान होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मिलमच्या शाळामास्तरांना माळेचे मणी ओढत हजारो मैल चालावे लागले, आणि त्यांनी मोजलेली वाट दुसऱ्याच कोणाच्या कपाटात बंद झाली. ती कपाटे आता उघडली आहेत. एखाद्या शाळेने आपल्या परिसराचे पत्रक छापून घ्यावे, घड्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवाव्या, आणि खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीवर कोणत्या वाटेने जायचे हे मुलांनाच विचारावे. खर्च थोडा आहे. त्यानंतर शिक्षकाने सर्वांच्या मागे चालण्याची तयारी ठेवावी.